पेटी शाबूत, भोपळा फुटलेला

जानेवारी २०२३. मँचेस्टरच्या विमानतळावर मोठ्या आकाराच्या सामानाचं दार वेगळं असतं. त्या दारातून आमची काळी फायबरची पेटी बाहेर आली. कडीजवळ एक ओरखडा सोडला तर पेटी जशी मुंबईत दिली होती तशीच होती. माझ्या भाचीने ती ट्रॉलीवर घेण्यासाठी जरा तिरकी केली आणि आत काहीतरी खुळखुळलं. तिथेच, फरशीवर बसून तिने कड्या उघडल्या. तंबोऱ्याच्या भोपळ्याला मागच्या बाजूने तळहाताएवढं भोक पडलं होतं, त्याच्या भोवती चांदणीसारख्या चिरा गेल्या होत्या, आणि फुटलेले तुकडे भोपळ्याच्या पोटात पडले होते. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो पूल, जागेवरून सरकून तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, एक पांढरी रेघ ओढून गेली होती.

मला फोन आला तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. तिचं पहिलं वाक्य असं: "मामा, पेटीला काहीच झालेलं नाही रे."

हे वाक्य पुढे सहा महिने आमच्या विरुद्ध वापरलं गेलं, म्हणून ते इथे पहिलंच लिहून ठेवतो. आणि ती पेटी मी निवडली होती. एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात माझी तीस वर्षं गेली. यंत्रांचे सुटे भाग लाकडी खोक्यात भरून जहाजाने, विमानाने पाठवणं हेच काम. त्यामुळे या प्रकरणात विमान कंपनीची चूक शोधण्याआधी मला माझी शोधावी लागली.

तंबोरा कोणता होता

माझ्या आईने १९८१ साली मिरजेहून घेतलेला बायकी तंबोरा. काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावायचा. लांबी ४९ इंच, भोपळ्याची रुंदी १४ इंच, वजन जेमतेम साडेतीन किलो. दांडी आणि गळा तुणीच्या लाकडाचा. भोपळा अर्थातच खरा, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे वाद्यांसाठी मुद्दाम पिकवतात त्या कडू भोपळ्याचा. तो वाळवतात, भिजवून तोंड कापतात, आतला गर काढतात आणि पुन्हा वाळवतात. शेवटी हातात राहतं ते काही मिलिमीटर जाडीचं कवच. दाबाला ते बरंच सोसतं. भोपळ्यावर हात टेकून माणूस तास तास गातो. टोकदार धक्का मात्र त्याला अजिबात चालत नाही.

निघण्याआधी एक गोष्ट आम्ही बरोबर केली होती. जुनी घोडी सांबरशिंगाची होती. त्या काळी तशाच असत. पण सांबरशिंगाच्या व्यापाराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि असली वस्तू घेऊन कस्टमसमोर उभं राहायची हौस कोणाला नव्हती. मिरजेच्या कारागिराने उंटाच्या हाडाची नवी घोडी बसवून दिली, आणि दांडी तुणीची आहे, नक्षी सेल्युलॉइडची आहे, हस्तिदंत कुठेही नाही, असं आपल्या लेटरहेडवर लिहूनही दिलं. शिसवी लाकडाची भीती आता तेवढी उरलेली नाही. २०१७ च्या जानेवारीपासून शिसमाच्या वाद्यांनाही आंतरराष्ट्रीय परवाना लागायचा. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण जुन्या वाद्यावर हस्तिदंत असेल तर घरीच ठेवा.

मग न्यायचा कशाला, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला त्यालाही आता चार दशकं होऊन गेली, आणि फोनवर तर फुकट मिळतो. भाचीचं उत्तर होतं की फोनमधला तंबोरा तिला लावावा लागत नाही, आणि सकाळची वीस मिनिटं लावण्यात जातात तेव्हाच तिचा कान जागा होतो. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण आईदेखील हेच म्हणायची, त्यामुळे वाद संपला.

मी काय केलं होतं

पेटी तयार विकत घेतली होती. बाहेरून ५३ × १८ × १७ इंच. तिन्ही मापांची बेरीज ८८ इंच. विमान कंपन्यांची साध्या सामानाची मर्यादा बहुधा ६२ इंच, म्हणजे १५८ सेंटीमीटर असते, तेव्हा जादा आकाराचे पैसे भरले. भरल्यावर वजन १२ किलो झालं. आत दोन इंच फोम, गादीत असतो तसा मऊ. तंबोरा ठेवला की चारी बाजूंनी छान दाबून बसायचा. तारा पूर्ण उतरवल्या. खुंट्यांकडे फोमचा एक ठोकळा टाकला. गवसणीत घालून, वर आईची जुनी शाल घालून झाकण लावलं. मुंबईहून आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलून मँचेस्टर. काउंटरवर 'फ्रॅजाइल'ची चिठ्ठी लावली, आणि त्याबरोबर पुढे केलेल्या कागदावर भाचीने सही केली. त्या कागदाकडे नंतर येतो.

आता बघा काय झालं असणार. भोपळा गोल, पेटीचा तळ सपाट. मधला फोम मऊ. त्यामुळे तंबोऱ्याचा भोपळ्याकडचा सगळा भार तळहाताएवढ्या एका ठिकाणी टेकलेला होता. हाताने दाबून पाहिलं तर मऊ फोम फार सुरक्षित वाटतो, आणि मी नेमकं तेच पाहिलं होतं. पण पेटी दोन-अडीच फुटांवरून आपटली की असला फोम क्षणात पूर्ण चेपतो आणि भोपळा पेटीच्या तळाला जाऊन भिडतो. दुसरं टोक खुंट्यांकडच्या ठोकळ्यावर. मधली तीन फूट दांडी अधांतरी. गळ्याला कसलाच आधार नाही, म्हणजे दांडीचा हेलकावाही भोपळ्यावरच. थोडक्यात, तंबोरा आतून स्वतःच्याच पेटीवर आपटला. पेटीला बाहेरून काही दिसायचं कारणच नव्हतं.

डिस्पॅचमध्ये आम्ही भरलेलं खोकं कंबरेएवढ्या उंचीवरून मुद्दाम पाडून, मग उघडून बघायचो. घरच्या तंबोऱ्याच्या बाबतीत ही चाचणी कोण करणार? पण रिकाम्या पेटीत साडेतीन किलोचं कलिंगड ठेवून करता आली असती. सुचलं नाही.

घोडीचीही चूक माझीच. नवी घोडी सरसाने चिकटवलेली नव्हती. तिकडे गेल्यावर जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारी गुंजणारी झार, बघून मग पक्की करायची होती. असली घोडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. मी तारा पूर्ण उतरवल्या आणि घोडी तशीच ठेवली. एक तर तारा थोड्याच उतरवून घोडीवर दाब ठेवायला हवा होता, नाहीतर घोडी काढून, तिच्या जागेवर पेन्सिलीने खूण करून, ती हातातल्या पिशवीत घ्यायला हवी होती. तारा बारीक जुळवायला असतात त्या मण्यांपैकी एक भोपळ्यात सापडला, तोही नऊ महिन्यांनी.

सात दिवस

भाचीने विमानतळ सोडण्याआधी एक काम केलं त्याला तोड नाही. उघडलेल्या पेटीचे, चिठ्ठीचे, ओरखड्याचे फोटो तिथेच फरशीवर काढले आणि सामानाच्या काउंटरवर जाऊन नुकसानीचा अहवाल लिहून घेतला. त्याचा क्रमांक नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोडलं तर ते ताब्यात आल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. भारत या करारात २००९ पासून आहे. आम्ही तिसऱ्या दिवशी सविस्तर पत्र पाठवलं.

भरपाईची कमाल मर्यादा त्या वेळी प्रवाशामागे १२८८ एसडीआर होती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. तेव्हाच्या दराने ही रक्कम १ लाख ४० हजार रुपयांच्या आसपास भरत होती. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १५१९ झाली आहे. याहून महाग वाद्य असेल तर सामान देतानाच विशेष मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरायची सोय करारात आहे. काउंटरवर कोणी आपणहून ती सांगत नाही.

आमच्याकडे १९८१ ची पावती नव्हती. मिरजेच्या त्याच कारागिराने फोटो बघून आजची किंमत आणि दुरुस्तीचा अंदाज, १८ हजार रुपये, लिहून दिला. भाचीच्या प्रवास विम्याकडे विचारलं तर वाद्यं, काच आणि नाजूक वस्तू त्यांच्या अटींत आधीच वगळलेल्या. तो रस्ता एका फोनमध्ये संपला.

मार्चमध्ये विमान कंपनीचं उत्तर आलं. मुद्दे दोन. पहिला: नाजूक सामानाच्या कागदावर प्रवाशाने सही केली आहे, म्हणजे कंपनीची जबाबदारी नाही. दुसरा: पेटी शाबूत आहे, अर्थात आतली बांधणी अपुरी होती.

पहिला मुद्दा ऐकायला भक्कम वाटतो आणि बरीच माणसं इथेच सोडून देतात. पण कराराच्या २६ व्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की वाहतूकदाराला जबाबदारीतून सोडवणारी किंवा करारापेक्षा कमी मर्यादा घालणारी कोणतीही अट रद्दबातल ठरते. चिठ्ठीवरच्या सहीने करार पुसला जात नाही.

दुसऱ्या मुद्द्यात दम होता, हे मला मान्य करावं लागलं. कलम १७ म्हणतं की नुकसान सामानाच्या अंगभूत दोषामुळे किंवा गुणधर्मामुळे झालं असेल, तर तेवढ्यापुरती कंपनी जबाबदार नाही. भोपळ्याचं नाजूकपण हा त्याचा अंगभूत गुणधर्मच नव्हे का? आम्ही असं लिहिलं: हा भोपळा बेचाळीस वर्षं रोज वाजवला जात होता, पावसाळे-उन्हाळे काढून तो आपणहून तडकला नाही, तो फुटायला बाहेरून धक्का लागला, आणि तो धक्का बसला तेव्हा पेटी तुमच्या ताब्यात होती. पेटी वाद्यासाठीच बनवलेली कठीण पेटी होती. तिच्यातला फोम मऊ होता, हे मी पत्रात लिहिलं नाही. खोटं लिहिलं नाही, एवढंच.

जूनमध्ये कंपनीने दुरुस्तीच्या अंदाजाएवढी रक्कम पौंडांत दिली. 'सद्भावनेपोटी', जबाबदारी न स्वीकारता. वाद्याची किंमत उतरली त्याबद्दल शून्य, जादा आकाराचे पैसे परत नाहीत. न्यायालयात जायला दोन वर्षांची मुदत होती. आम्ही गेलो नाही. गेलो असतो तर फोमचा प्रश्न निघाला असता.

अमेरिकेचा प्रवास असता तर एक गोष्ट सोपी झाली असती. तिथे २०१२ च्या कायद्यावर आधारलेला नियम २०१५ पासून लागू आहे: लहान वाद्य जागा असेल तर केबिनमध्ये घ्यायचंच, मोठ्या वाद्यासाठी प्रवासी जादा आसन घेऊ शकतो, आणि सामानात दिलं तर तिन्ही मापांची बेरीज १५० इंच आणि वजन १६५ पौंडांपर्यंत अमेरिकी कंपनीने ते स्वीकारायचं. फोडणार नाही, असं मात्र तो नियमही म्हणत नाही.

चुंबळ

मँचेस्टरमध्ये व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या एकाने तंबोरा पाहिला आणि हात लावायला नकार दिला. लाकूड असतं तर केलं असतं, म्हणाला, ही भाजी आहे. राग आला, पण माणूस प्रामाणिक होता. म्हणजे तंबोरा परत मिरजेलाच यायला हवा होता.

मी मिरजेला जाऊन त्याच कारागिराला, म्हणजे आमच्या चाचांना, विचारलं की फुटलेला तंबोरा इतक्या लांबून आणायचा कसा. चाचा तेव्हा एका सतारीवर काम करत होते. त्यांच्या दुकानात बिनदांडीचे वीसेक भोपळे ओळीने ठेवलेले असतात, आणि प्रत्येकाखाली चिंध्यांची एक चुंबळ. डोक्यावर हंडा घ्यायला बायका घेतात तशीच. त्यांनी माझ्याकडे न बघता पायाने एका चुंबळीकडे दाखवलं. "भोपळा कुठं टेकवायचा असतो का? बसवायचा असतो."

यंत्रांच्या बेअरिंगसाठी मी आयुष्यभर रिंगा बनवून घेतल्या होत्या. गोल वस्तू बिंदूवर टेकवू नये, कडेवर बसवावी, भार वर्तुळात वाटला जातो आणि मधला भाग मोकळा राहतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तंबोरा हे वाद्य आहे असं मनात धरल्यामुळे ते सुचलं नाही, असं मला वाटतं.

भाचीने व्हिडिओवर बघून जुन्या सुती साडीची घट्ट चुंबळ वळली, आतून साधारण आठ इंच व्यासाची. तिच्यामुळे भोपळ्याची पाठ पेटीच्या तळापासून दोन बोटं वर, अधांतरी राहिली. मऊ फोम काढून टाकला आणि योगासनांच्या चटईचा दाट फोम घातला. गळ्याखाली, लाकूड सुरू होतं तिथे, एक खाचेचा ठोकळा. दांडीच्या मध्यावर दुसरा. खुंट्या हवेत. घोडी हातातल्या पिशवीत. फुटलेल्या भोकावर आतून-बाहेरून कागदी चिकटपट्टी. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीला ती आली तेव्हा तंबोरा पुन्हा सामानातूनच आला, त्याच आखाती विमानतळावरून, कारण आता आणखी काय फुटणार होतं?

चिरांच्या टोकांना तिने निघताना पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. एकही चीर खुणेपुढे गेली नव्हती. एका प्रवासावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित या वेळी पेटी कोणी आपटलीच नसेल. पण पेटीच्या एका कोपऱ्याचा या वेळी टवका उडाला होता, म्हणजे ती कुठेतरी पडली असणार.

चाचांनी तबली सुरीने सांध्यातून सोडवली, आतले तुकडे वेचले, बेडशीटवर जुळवून बघितले. दोन तुकडे कमी होते. तिथे दुसऱ्या जुन्या भोपळ्याचं कवच वक्रता बघून कापलं. आतून सरसात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, बाहेरून लाखेने भरून पॉलिश. घोडीची जागा पुन्हा शोधायला त्यांना एक अख्खी दुपार लागली, कारण खूण नव्हती. ती शिवी मला मिळाली. खर्च १४ हजार ५००. सांधे पुरते बसायला महिना तरी तंबोरा हलवू नका, असं सांगितलं, त्यामुळे भाची एकटी परतली आणि तंबोरा माझ्याकडे राहिला.

चेलो

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी भाचीकडे गेलो. या वेळी सामानात द्यायचा नाही, हे चुंबळीवर विश्वास असूनही ठरवलं. दुरुस्त केलेल्या भोपळ्यावर तोच जुगार दुसऱ्यांदा खेळायची हिंमत नव्हती.

जादा आसन संकेतस्थळावरून घेता येत नाही, फोनच करावा लागतो. फोनवरच्या मुलीच्या यादीत गिटार होती, व्हायोलिन होतं, सितारही होती. तंबोरा नव्हता, आणि सितार म्हटलं की ती मापावर अडायची. तिसऱ्या फोनला मी म्हणालो, चेलोएवढं वाद्य आहे. पाच मिनिटांत काम झालं. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य. त्याची उंची साधारण चार फूटच असते आणि आसनावर बसणारं मोठं वाद्य म्हणून सगळ्या कंपन्यांना तोच ठाऊक असतो. दुसऱ्या आसनाचे पैसे माझ्या तिकिटाच्या चार-पंचमांश पडले. काही विमानतळ कर वाद्याला लागत नाहीत.

इथे कठीण पेटी उपयोगाची नव्हती. इकॉनॉमीचं आसन सतरा-अठरा इंच रुंद, आणि पेटी अठरा. म्हणून पुण्यात जाड अस्तराची गवसणी शिवून घेतली. भोपळ्याकडे सोळा इंचांच्या आत बसवली. आसन खिडकीचंच मिळतं, म्हणजे कोणाच्या बाहेर पडण्याच्या वाटेत वाद्य येत नाही. तंबोरा उलटा बसवावा लागला: भोपळा आसनावर पाठीला टेकून, दांडी तिरकी खाली पाय ठेवायच्या जागेत. सरळ उभा केला तर खुंट्या वरच्या कप्प्याला लागतात. हवाई सुंदरीने पट्ट्याला जोडपट्टी आणून दिली. भोपळ्याखाली चुंबळ होतीच. तिच्यावरून मुंबईच्या सुरक्षा तपासणीत मात्र दहा मिनिटं गेली. गुंडाळलेल्या साडीत काय आहे, म्हणून त्यांनी ती पूर्ण उलगडायला लावली आणि मला तिथेच उभ्या उभ्या पुन्हा वळावी लागली.

तारा या वेळी दोन-दोन सूर खाली उतरवल्या होत्या, घोडीवर दाब राहील एवढ्याच. विमानातली हवा फार कोरडी असते, तेव्हा सांधे ताणतील ही चाचांना धास्ती होती. घरी पोहोचल्यावर चोवीस तास गवसणी उघडू नका, त्या खोलीच्या हवेत वाद्याला मुरू द्या, असं त्यांनी बजावलं होतं. भाचीने बावीस तासांनी उघडली.

चिरा जागेवर होत्या. खर्जाचा आवाज पहिले आठ-दहा दिवस जरा बसल्यासारखा वाटला, असं ती म्हणते. तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा धागा अर्धा गव्हाएवढा सरकवल्यावर सुटला. मला दोन्हींत फरक कळला नाही.

त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना फोन केला तर ते म्हणाले, बरं झालं, आता भोपळ्याचा भाव वाढेल.

काळी पेटी माझ्या माळ्यावर आहे. आतला फोम बदलला आहे, गळ्याचा ठोकळा तिच्यात स्क्रूने बसवला आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ मुलासाठी मागायला आले. मुलगा सिडनीला चालला आहे. मी आधी त्यांच्या घरी जाऊन गळ्याचा घेर मोजला. आमच्यापेक्षा पाऊण इंच जाड भरला, तेव्हा ठोकळा पुन्हा कोरायला सुताराकडे टाकला आहे.